अर्धा किलो

बुकोममध्ये माझं वेल्डिंगचं दुकान आहे,
पाठ समुद्राला, तोंड गल्लीला.
फाटकं सांधतो, शेगड्यांचे पाय,
होड्यांच्या मोटरींच्या तुटक्या कड्या.
ओदार्तेई आला तेव्हा त्याच्या मुठींना
अजून पट्ट्या होत्या, घामाने पिवळ्या.
म्हणाला, बारबेल करून दे.
आणि ओकाई वस्तादांना कळू देऊ नकोस.

वस्तादांचं म्हणणं सगळ्या अक्राला पाठ आहे.
लोखंडाने हात आखडतो.
खांदा फुगतो, आणि फुगलेला खांदा
ठोशाच्या आधी दाराशी येऊन खोकतो,
समोरच्याला कळतं कोण येतंय.
हात आखडता घेणारा बॉक्सर, ते म्हणत,
हात आखडता घेणाऱ्या सासऱ्यापेक्षा वाईट.

त्यांच्या शब्दाला वजन होतं.
तेवढंच वजन त्यांना चालायचं.

मी स्वतः चोवीस सामने खेळलो,
लोखंडाला शिवलो नाही.
पंचविसाव्यात कुमासीच्या एका पोराने
मला कवेत धरून दोरांना असं टेकवलं
जसं कुणी मक्याचं पोतं भिंतीला लावून ठेवतं.
मी चपळ होतो.
पोत्याने चपळाईचं काय करायचं?
हे वस्तादांशी कधी बोललो नाही.
ओदार्तेईशीही नाही.
फक्त एका ट्रकचा जुना आस शोधला,
रंगाच्या डब्यांत सिमेंट ओतलं,
तेही रात्री,
कारण दिवसा शेजारी नाआ आमेर्ले केंके विकते
आणि तिच्यापासून काही लपत नाही.

दोन महिन्यांनी वस्तादांनी त्याचा खांदा दाबून पाहिला,
मासळी घेताना कल्ले उघडून बघावेत तसा.
काही बोलले नाहीत.
दुसऱ्या दिवशी पहाटे सगळ्या पोरांना किनाऱ्यावर नेलं,
कोळ्यांबरोबर जाळं ओढायला.
भिजलेलं जाळं, त्यात वाळू, त्यात शेवाळ,
आणि पलीकडून ओढणारा अख्खा समुद्र.
पोरांच्या पोटऱ्या थरथरत होत्या.
वस्ताद ओरडत होते, हे खरं!
मी तिथे उभा राहून मनात किलो मोजत होतो.
ते लोखंड नव्हतं,
म्हणून चालत होतं.

ओदार्तेईचा सामना बरोबरीत सुटला.
अर्धी गल्ली म्हणाली,
चौथ्या फेरीत हात जड झाला, बघितलंत ना,
कुणीतरी त्याला सिमेंट पाजलंय.
अर्धी म्हणाली, आठव्या फेरीत तो उभा होता
तो कशाच्या जोरावर?
महिनाभर भांडण चाललं.
दोघा भावांनी एका ताटात जेवणं सोडलं.
मला विचारलं तर मी काच डोळ्यांवर ओढायचो
आणि ठिणग्या उडवायचो.

मग हरमाटनची धूळ आली,
आणि त्या धुळीत एका सकाळी
वस्तादांचा डावा हात त्यांचं ऐकेना.
डावा. जॅबचा.
तीस वर्षं ज्याने आमच्या कपाळांवर टकटक केली तो.

ते दुकानात आले तेव्हा दुपार होती,
गल्ली झोपलेली.
अर्धा किलो, म्हणाले. नर्स सांगते.
दवाखान्यात देतात ते गुलाबी आहे, प्लॅस्टिकचं.
ते मी हातात धरणार नाही.

मी पाइपचा तुकडा कापला,
कडा घासल्या, पुन्हा घासल्या,
तराजूवर ठेवला, थोडा जास्त भरला,
जास्तीचं कापलं नाही.

आता रोज येतात. माझ्या स्टुलावर बसतात.
हात वर, हात खाली,
एकोमे, एन्यो, एटे,
ओठ वाकडा, आकडे सरळ.
नवाला थांबतात.
दहा म्हणायचं नसतं,
एवढं मला त्यांनीच शिकवलंय.

काल ओदार्तेई त्याच्या बारबेलची
सैल झालेली कडी घेऊन दारात आला,
पाहिलं,
आल्या पावली मागे फिरला
आणि नाआ आमेर्लेच्या टोपलीपाशी
बराच वेळ सुटे पैसे मोजत उभा राहिला.